राज्य माझ्यावर

अमरसिंहांचं पत्र श्रावणात आलं, आणि थंडी पडून गल्लीत शेकोट्या पेटायला लागल्या तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्राला उत्तर न देणारा माणूस मी नव्हे. ग्रंथालयात नोकरीला होतो तेव्हा पुस्तक फाटल्याची तक्रार असो, की एखाद्या कवीनं स्वतःचाच संग्रह विकत घ्या म्हणून केलेली विनंती असो, आठवड्याच्या आत उत्तर जायचं. या पत्राला मात्र मी सकाळी उत्तर लिहायचो आणि संध्याकाळी फाडायचो. एक दिवस होकार लिहायचो, दुसऱ्या दिवशी नकार. ते कपटे माझी बायको आक्काताई बंबात घालायची.

"तुमच्या सायबाच्या पत्रावर अंगुळीचं पाणी तापाय लागलंय," ती म्हणायची. "तापायचं ऱ्हायलंय ते निस्तं तुमी."

पत्र अर्ध्या पानाचं होतं. 'तुमचा खेळ आम्ही करायला घेतला आहे. लेखक म्हणून तुमची नेमणूक करत आहोत. खेळाच्या शेवटी पडद्यावर "कथा : यल्लाप्पा कुरणे" असं येईल. एक छोटासा बदल केला आहे. त्या मुलाच्या जागी भूत घेतलं आहे. सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी.'

जन्मभर मी दुसऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या पाठीवर चिकटवल्या. आपलं नाव कुठंतरी यावं असं वाटायचं. पण हे आक्काताईलासुद्धा सांगायची लाज वाटायची. आणि आता ते मोबाईलच्या पडद्यावर, 'कथा' या शब्दासमोर येणार होतं. त्यासाठी एक मुलगा भूत होत असेल तर होऊ दे, असं मला अर्धा दिवस वाटायचं. उरलेला अर्धा दिवस त्या अर्ध्या दिवसाची लाज वाटायची.

तो मुलगा मी होतो. पण हे मुलाखतीपासून सांगायला हवं.

जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. 'मोबाईल फोनवरच्या खेळांसाठी मराठी लेखक पाहिजे. वयाची अट नाही.' मला वाटलं छपाईची चूक असेल, वयाची अट घालायची राहिली असेल. तरी अर्ज टाकला, कारण टपालातून नकार आला तर तो कुणाला दिसत नाही. पण बोलावणंच आलं. मग मी ग्रंथालयातून मुलाखतीच्या तयारीचं एक पुस्तक आणलं. टाय कसा बांधावा, बँकेत काय विचारतात, सैन्यात काय विचारतात, हे सगळं त्यात होतं. खेळांच्या कंपनीत काय विचारतात, ते कुठंच नव्हतं. म्हणून मला जे दिसलं ते जरा सविस्तर लिहितो. कुणाला उपयोग झाला तर झाला.

कंपनी शाहूपुरीत, पाण्याच्या पंपांच्या दुकानावर होती. खाली लोखंड आदळल्याचा आवाज आणि वर हाफ पँट घातलेली तरणी पोरं कॉम्प्युटरसमोर बसलेली. कुणी मान वर करून बघितलं नाही. ही पोरं काम करतायत की खेळतायत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"या पावणं, या! लाजतासा काय? बसा."

हे अमरसिंह, कंपनीचे मालक. वय तिशीचं, बेंगळूरला शिकून आलेले, पण बोलणं आपल्या गावचं. त्यांनी हात पुढं केला. माझे हात नमस्कारासाठी जोडलेले होते. ते सोडवून त्यांतला एक देईपर्यंत जरा गोंधळ झाला. सगळे दाखले एका फाईलमध्ये नीट लावून नेले होते. त्यांनी फाईल घेतली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. ती उघडली गेलीच नाही.

"आमाला कागद नको. ह्यो घ्या फोन. खेळा."

त्यांच्या शेजारी मनाली बसली होती. खेळातली चित्रं ती काढायची. कबनूरची मुलगी, वडील यंत्रमागावर. ती फोनकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. खेळणाऱ्याचं तोंड बघणं हीच तिथली परीक्षा असते, हे मला मागाहून समजलं.

पडद्यावर एक छोटा माणूस पळत होता. त्याला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायचं होतं. पहिला खड्डा आला तसा मी त्याला थांबवला.

"सर, उडी मारा!" मनाली म्हणाली.

"आत काय आहे ते बघतो."

"आत काय न्हाय सर. आत मरान हाय."

मी मारली उडी. माणूस खड्ड्यात गेला. पडद्यावर अक्षरं आली : 'खेळ समाप्त.'

"काय वाटलं?" अमरसिंहांनी विचारलं.

मला वाटलं होतं की उठून घरी जावं. पण तोंडातून दुसरंच गेलं. "ते 'समाप्त' जरा... मयताला आल्यासारखं वाटतं. आम्ही 'बाद' म्हणायचो."

दोघंही हसले. मला वाटलं मलाच हसले. पण मनालीनं तो शब्द लिहून घेतला.

"बरं, ल्हानपणी काय खेळत हुतासा?"

"शिवाशिवी," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर फाईलवरच्या कपाकडं बघत राहिलो.

"आमी पण खेळायचो की, मागांच्या शेडामागं," मनाली म्हणाली.

शिवाशिवी कुणाला माहीत नाही? एकावर राज्य येतं. तो बाकीच्यांच्या मागं पळतो, ज्याला शिवेल तो बाद, मग राज्य त्याच्यावर. माझं गाव चंदगड तालुक्यात. तिथं गुरं चारायला सगळ्या घरांतली पोरं एकाच माळावर जायची, आमच्या घरची गुरंही तिथंच. आमचं घर गावाबाहेरचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. ही गोष्ट त्याच्या नंतरची, पण माळावर काही बदललं नव्हतं.

मी एरवी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी का बोललो ते सांगता येत नाही. कदाचित चहा फाईलवर ठेवल्यामुळं असेल. दाखले मिटलेलेच राहिले, मग दुसरं काय दाखवणार?

मी सांगितलं : राज्य कुणावर यायचं हे ठरवायला पोरं चकतात. चकताना हातात हात घ्यावा लागतो. म्हणून मला चकायला घेत नसत. खेळात घ्यायचे, पण कच्चं लिंबू म्हणून. कच्चं लिंबू म्हणजे घरात पाहुणी आलेली दोन-तीन वर्षांची पोरं असतात ना, ती. त्यांनाही पळायला मिळतं, पण त्यांना कुणी बाद करत नाही, त्यांच्यावर राज्य येत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. माझ्याएवढं जोरात त्या माळावर कुणी पळत नव्हतं. पण मला शिवून घरी गेलं तर अंगावर गोमूत्र घ्यावं लागायचं, म्हणून मला कुणी शिवत नव्हतं.

"म्हंजे तुमी कधीच बाद न्हाय!" अमरसिंह खुर्चीतून पुढं सरकले. "रोज जिंकायचासा! भारी की!"

"मी पळायचो," मी म्हणालो. "मागं वळून बघायचो आणि आणखी जोरात पळायचो. मागं कुणी नसायचं."

खालच्या दुकानात कुणीतरी पाईप टाकला.

"आता ह्याचा खेळ करायचा म्हटलं तर कसा करचिला?" अमरसिंहांनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता.

"आपण तो मुलगा व्हायचं," मी म्हणालो. "सगळ्या माळावर पळायचं. पोरं अंग चोरणार, आपण त्यांच्या वाटेत यायचं, त्यांच्यासारखं पळायचं, त्यांची चुकलेली गुरं वळवून आणायची. कुणीतरी एक जण विसरून शिवला पाहिजे. शिवला की राज्य आपल्यावर. राज्य आलं की जिंकलो."

"म्हंजे बाद झालं की जिंकलं?"

"हो."

"अवो, बाद व्हायला पैसं कोण देतंय?"

"मी देतो," मनाली म्हणाली. कबनूरकडच्या पोरी 'मी जातो, मी देतो' असंच म्हणतात.

शेवटी अमरसिंहांनी विचारलं, "आता तुमाला काय इचारायचं हाय का आमाला?" पुस्तकात लिहिलं होतं की हा प्रश्न सगळीकडं येतो आणि एक तरी प्रश्न तयार ठेवावा. मी तीन तयार ठेवले होते. "काही नाही," मी म्हणालो, आणि चहाचं वर्तुळ उठलेली फाईल घेऊन जिना उतरलो.

मग पत्र आलं. मग ते कपटे, तो बंब.

मनाली आली ती एका रविवारी सकाळी. दारातच म्हणाली, "सायबांनी धाडलंय सर. सही घिऊन ये म्हणाले. आणि खेळ तयार झालाय थोडा, दाखवून ये म्हणाले."

मी फोन हातात घ्यायला कचरत होतो. आक्काताईनं हात पदराला पुसले. "आण बगू हिकडं. ह्यास्नी न्हाय जमायचं. मला शिकीव."

मनालीनं तिला बटणं दाखवली. आक्काताईनं चष्मा लावला आणि खड्डा आला की आत न बघता उडी मारली. दुसरा आला, मारली. तिसरा. बघता बघता ती माळाच्या पलीकडं पोचली. माळ हिरवा होता, पावसाचा, मी सांगितला होता तसाच. गुरं होती, पोरं होती. मला आतून बरं वाटायला लागलं.

"अगं, ह्यो काळा कोण हितं?"

"त्यो भूत, काकू. त्याच्यापासनं लांब पळायचं. त्यो आपल्याला शिवला की आपण मरतोय."

आक्काताईचा माणूस वळायच्या आतच भुतानं लांब हात करून त्याला गाठलं. तो काळा पडला, गडगडत खाली गेला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'बाद!'

तो माझा शब्द होता. त्या दिवशी मी दिलेला.

आक्काताईनं चष्मा काढला. फोन हळूच चटईवर ठेवला. "ह्ये आमाला नवं न्हाय गं बाई," ती म्हणाली. "ह्ये आमी खेळून बसलोय."

मनालीला काही क्षण समजलं नाही. मग समजलं. तिचं तोंड उतरलं. "मीच काढलो त्याला," ती म्हणाली. "साहेब म्हणाले काळा कर, हात लांब कर. मी केलो. माझ्या ध्यानातच आलं न्हाय, सर." तिनं फोन उचलला, बरीच बटणं दाबली आणि दुसरं चित्र काढून माझ्यापुढं धरलं. "पयल्यांदा ह्ये काढलोतो. ह्ये नको म्हणाले. पर मी पुसलो न्हाय."

चित्रात एक मुलगा पळत होता. अंगात मळकी बंडी. मान मागं वळलेली. मागं मोकळा माळ.

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. अमरसिंहच होते. मनालीनं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"काय पावणं! सही कवा? आमी पंगतीला बसून ऱ्हायलोय, तुमी ताटच वाढंनासा."

"मुलाचं भूत का केलंत?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण बारीक.

"आता पोराचं काय दावू? कोण शिवत न्हाय म्हणून रडतंय? लोक चिडतील, न्हायतर रडतील. फोन कोण रडायला घेतंय का? भुताचं कसं, कारण लागत न्हाय. त्याला कोण शिवत न्हाय, बास."

"कारण होतं."

"असंल की! पर जुनं झालं त्ये. मी पाळतोय का तसलं काय? पयल्याच दिवशी तुमच्या हातात हात दिला की मी. दिला का न्हाय?"

दिला होता. खोटं नव्हतं. अशा वेळी मी 'खरं आहे साहेब' म्हणतो. आयुष्यात सगळ्या साहेबांना मी हेच म्हणत आलो. 'ख' जिभेवर आलाही होता. आक्काताई माझ्याकडं बघत होती, बंबात कपटे घालताना बघायची तशी.

"मला शिवून कुणी मेलं नसतं, अमरसिंह," मी म्हणालो.

"आँ?"

'साहेब' म्हणायचं राहिलं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. मी ते मागाहून जोडलं नाही.

"तुमच्या फोनमध्ये पोरं मरतात. मी असं सांगितलं नव्हतं. ह्याला शिवलात तर वाटोळं होईल, असं त्या पोरांना घरी सांगितलं जायचं. तुम्ही आता तेच फोनवर घालून सगळ्यांच्या पोरांना सांगणार. आणि त्याच्याखाली माझं नाव लिहिणार."

"अवो, एवढा इचार कोण करतंय खेळताना?"

"कुणीच करत नाही. तेव्हाही करत नव्हतं. खेळच होता तो."

मग ते म्हणाले, "बरं मग, काय करायचं? सही हाय का न्हाय?"

"लिहून कळवतो."

"लिवून? आता बोलतायसा की माझ्यासंगं!"

"मी लिहिणारा माणूस आहे. तुम्हीच नेमलंय."

फोन कुठं दाबला की बंद होतो, ते मला माहीत नव्हतं. मनालीनं तो माझ्या हातातून घेऊन बंद केला.

"तुला बोलणार का गं ते?" आक्काताईनं तिला विचारलं.

"बोलू देत की. मी सांगतो, भूत मी काढणार न्हाय. दुसरा कोण चित्रं काढणारा गावतोय का बगा म्हणावं शाहूपुरीत." तिनं चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेली, आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून परत आली आणि माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"सर, राज्य तुमच्यावर!"

आणि पळाली. पंचविशीतली मुलगी, पर्स खांद्याला लटकतेय, एका हातात फोन, भर गल्लीतून पळत सुटली. कोपऱ्यावर जाऊन थांबली, मागं वळून बघितलं.

मी उंबऱ्यातच उभा होतो. खांदा चांगलाच दुखत होता.

"आवो बगताय काय?" आक्काताई ओरडली. "पळा की!"

चौसष्टाव्या वर्षी गुडघे पळू देत नाहीत. मी हात वर केला, तिनंही केला, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली. मग मी आत येऊन कागद घेतला. त्या दिवशी बंबाला माझ्याकडून काही मिळालं नाही. एकदाच लिहिलं. ते असं :

'अमरसिंह यांस,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. या उशिरात मी बऱ्याच वेळा तुम्हाला होकार दिला, तो तुमच्यापर्यंत पोचला नाही हे बरं झालं.

सही करणार नाही. कागद परत पाठवतो आहे.

तुमच्या खेळातलं भूत तुम्ही कुठंही न्या, मात्र माझ्या माळावर त्याला पळवू नका. माळ, गुरं, पोरं आणि तो मुलगा हे मी तुम्हाला सांगितलं, विकलेलं नाही. मुलगा मुलगाच राहणार असेल, त्याला कुणी शिवलं तर कुणी मरणार नसेल आणि राज्य आलं की तो जिंकणार असेल, तर मी उद्या कामावर येतो. चित्र तयार आहे. मनालीनं ते पुसलेलं नाही. त्यासाठी तिला बोलू नये; बोलायचं असेल तर मला बोलावं.

हे जमत नसेल तर खेळ माझा आहे. लहानपणी ज्याची बॅट असायची तो रागावला की बॅट घेऊन घरी जायचा आणि सगळ्यांचा खेळ मोडायचा. मला त्या पोरांचा फार हेवा वाटायचा, कारण माझ्याकडं बॅट नव्हती. आज आहे. मी ती घेऊन घरी चाललो आहे.

नावाचं म्हणाल, तर ते पडद्यावर यावं असं मला फार वाटत होतं. अजूनही वाटतं. पण कच्चं लिंबू म्हणून खेळणं मी सोडलं आहे.

मुलाखतीच्या शेवटी तुम्ही मला विचारलं होतं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं. एक प्रश्न आहे. तुमच्या गावातही पोरं शिवाशिवी खेळत असतील. तुमच्या खेळात कच्चं लिंबू कोण होतं? त्याचं नाव तुम्हाला आठवतं का?

आठवलं तर कळवावं. लिहून.

यल्लाप्पा कुरणे'

पाकिटाला तिकीट लावलं. आक्काताईला वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "बॅटचं झ्याक हाय," आणि दळण बघायला आत गेली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाईतो दोनदा थांबलो. एकदा वाटलं, 'विकलेलं नाही' हे जरा जास्त झालं. दुसऱ्यांदा वाटलं, 'कथा : यल्लाप्पा कुरणे' दिसायला कसं दिसलं असतं. पेटीसमोर आल्यावर त्या शब्दांची अक्षरं मी एकदा मनात नीट बघून घेतली, आणि पाकीट आत टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी होती; माझंच पहिलं.